रिकाम्या पोत्यातली चोरी

१

पीरवाडीचा उरूस तोंडावर आला होता आणि ऐन त्या वेळी पीराच्या कोठीतल्या गव्हाला पाय फुटले.

ही गोष्ट एकेचाळीस सालची. राज्य निजाम सरकारचं, तिकडं कुठंतरी मोठी लढाई पेटलेली आणि इकडं बाजारात गव्हाची मारामार. तरी पीरवाडीच्या उरुसाचा गहू-गूळ-तुपाचा मलीदा कधी चुकला नव्हता. नवस फेडणारा हिंदू असो की मुसलमान, रीत एकच. जवळच्या वाशी गावच्या पेठेत महालिंगप्पांच्या दुकानात जायचं, ऐपतीप्रमाणे गहू मापून घ्यायचा, पोत्याचं तोंड आपल्या हातानं शिवायचं आणि दगडोबाच्या बैलगाडीतून पीराच्या कोठीत आणून टाकायचं. कोठीत सायराबी तो गहू पुन्हा शेराच्या मापानं मापून घ्यायच्या आणि भिंतीवर कोळशानं शेरामागं एक रेघ ओढायच्या.

आजवर त्या रेघांकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. या वर्षी टंचाई म्हणून गावचे पंच गफारभाई यांनी नवसवाल्यांना एकेक करून विचारलं, किती आणला? शांताक्का म्हणाल्या, दहा शेर. भिंतीवर रेघा आठ. जैनोद्दीन विणकर म्हणाला, वीस. भिंतीवर सतरा. तारामतीबाईंच्या घरचे तीस, तर भिंतीवर सव्वीस.

झालं! गाव गोळा झालं. गफारभाईंचा आवाज आधीच पीराच्या टेकडीवरून शिवारात ऐकू जाईल असा, त्यात रागावलेले. "पीराच्या गव्हाला हात लावणारा चोर आपल्याच कोठीत बसलाय! सायराबी, उद्या गुरुवारी, जुम्मेरातीला दुपारी किल्ली पंचांच्या हातात द्यायची."

सायराबींच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. हयातभर कोठी त्यानं सांभाळली, त्याच्यामागं किल्ली यांच्या कमरेला आली. कोठीलगतची खोली आणि दोन वेळची भाकरी त्या किल्लीवर चालायची. किल्ली गेली की सगळं जाणार होतं, आणि वर चोर हा शिक्का मरेपर्यंत पुसला जाणार नव्हता.

"अल्लाची शपथ, म्या एक दाणा न्हाय घेतला," त्या इतकंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं झाली. नाकावर चष्मा, हातात मिटलेली छत्री. "गफारचाचा, जुम्मेरातीची दुपार म्हणालात ना? तोवर चोर मी शोधते."

ही फातिमाबी. सायराबींची सख्खी भाची, त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी. हैदराबादेत शिकलेली आणि धाराशिवच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. मी कमलबाई, त्याच शाळेत मराठी आणि शिवण शिकवते. गणिताचं आणि माझं जन्मापासून वाकडं. मी पीरवाडीला आले होते ती फक्त मलीदा खायला, आणि आता मलीद्याचाच गहू कमी पडतोय म्हटल्यावर मलाही चोराचा भयंकर राग आला होता.

२

आम्ही सुरुवात शांताक्कांपासून केली. म्हातारी तोंडाची फटकळ.

"पोत्याचं तोंड म्या शिवलं. दुहेरी टाका. कोठीत उसवलं तवा बी म्याच होते. टाका जसाच्या तसा! वाटंत कोण काय काढंल?"

"आणि पोत्याला भोक?" मी विचारलं. आपणही काहीतरी विचारावं म्हणून.

"भोक असतं तर वाशीपासनं पीरवाडीपतुर चिमण्यांची वरात दिसली असती, मास्तरीणबाई."

पुढचा मान दगडोबा गाडीवानाचा. तो आमच्याकडं न पाहता बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता.

"चोर म्हणून माजं नाव घ्यायचं आसंल तर घ्या. न्हायतर माज्या बैलाचं घ्या, त्येचं तोंड मोठं हाय."

"कुणाचंच नाव घेत नाही, दगडोबा," फातिमाबी हसल्या. "आम्हाला वाशीला न्या, तेवढं पुरे."

गाडीत मी त्यांना म्हटलं, "टाके शाबूत आहेत, म्हणजे वाटेत काही झालं नाही. दुकानात पुरा गहू, कोठीत कमी. फातिमाबी, रागावू नका, पण हे सगळं तुमच्या खालाच्या अंगावर येतंय."

"येतंय खरं," त्या म्हणाल्या. चेहरा उतरला होता, पण छत्रीची मूठ घट्ट धरलेली. मला त्यांची माया वाटली आणि आपण उगाच बोललो असंही वाटलं.

महालिंगप्पांचं दुकान पेठेच्या तोंडाशीच. आप्पा गोड माणूस, इतका की बोलताना त्यांच्या मिशांना मुंग्या लागतील. आम्हाला बसायला पोतं दिलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. समोर बलभीम नावाचा जवान शेतकरी नवसाचा गहू घेत होता. पहिला मुलगा झाला म्हणून चाळीस शेर. आप्पा स्वतः मापत होते, तालात, गाणं म्हटल्यासारखं.

"बरकत... दोन... तीन... चार..."

चाळिसावा शेर ओतून त्यांनी माप फळीवर ठेवलं. बद्द आवाज झाला. बलभीमनं पोतं तिथंच शिवून घेतलं.

"पीराच्या कामाला मी हात धुऊन माप धरतो, बाई," आप्पा म्हणाले. "मापावर शीग चढवून देतो, कुणालाबी विचारा. चोर हुडकायचा तर किल्ली कुणाच्या कमरेला हाय ते बघावं. लई वंगाळ वाटतं, विधवा बाई हाय... पर पाप ते पाप."

"खरंय आप्पा, पाप ते पाप," फातिमाबी म्हणाल्या आणि आणखी दोन शेंगदाणे मागून घेतले.

परत येताना बलभीमचं पोतं आमच्याच गाडीत होतं. फातिमाबींनी दगडोबाला बजावलं, "हे पोतं उद्या सगळ्यांसमोर उसवायचं. तोवर पारावर, लोकांच्या नजरेसमोर." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "कमलबाई, मला एक सुतळी आणि मूठभर चिंचोके लागतील."

चोर पकडायला बेड्या लागतात असं मी ऐकलं होतं. चिंचोक्यांचं नवीनच.

३

कोठीपुढचं अंगण शेणानं सारवलेलं होतं. सायराबी दारात आलेल्या एका फकिराला गहू घालत होत्या. डोळे सुजलेले, पण हात सवयीनं चालत होता.

"बरकत! एक... दोन..."

माप खाली टेकलं तसं घंटेसारखं खणखणलं. फकीर दुवा देत गेला.

फातिमाबींनी अंगणात चुन्यानं दोन रेघा काढल्या, एक आडवी आणि एक उभी.

"आता बघा. दुकानातून किती शेर निघाले ते आडव्या रेघेवर मोजायचं. कोठीत किती भरले ते उभ्या रेघेवर. शांताक्कांचे दहा, म्हणून दहा बोटं उजवीकडं. कोठीत आठ, म्हणून आठ बोटं वर. तिथं एक चिंचोका."

मी ठेवला. दुसरा जैनोद्दीनचा, वीस आणि सतरा. तिसरा तारामतीबाईंचा, तीस आणि सव्वीस.

"सुतळी धरा."

मी एक टोक पहिल्या चिंचोक्यावर धरलं, त्यांनी दुसरं तिसऱ्यावर. मधला चिंचोका बरोबर सुतळीखाली गेला! केसभरही इकडंतिकडं नाही.

फातिमाबी एकदम उभ्या राहिल्या. डोळे असे चमकले की मला वाटलं चोर मागच्या भिंतीवरून उडी मारून पळतोय. "खत-ए-मुस्तकीम! सरळ रेषा, कमलबाई! खाला सुटली!"

"ती कशी?"

"चोर माणूस असता तर मूठ भरून घेतली असती. कधी मोठी मूठ, कधी छोटी. घाबरला तर काहीच नाही. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या पोत्यांतून चोरलेला गहू असा शाळेतल्या पोरींसारखा रांगेत उभा राहत नसतो. चोरी करताना कुणी पट्टी लावत नाही. ही कुण्या हाताची करामत नव्हे, ही मोजण्याची करामत आहे."

मग त्या उकिडव्या बसल्या आणि मला शिकवू लागल्या. मी बेसावध होते म्हणून शिकले.

"पहिल्या चिंचोक्यापासून दुसऱ्याकडं जा. उजवीकडं किती?"

"दहा."

"आणि वर?"

"आठाचे सतरा. नऊ."

"दुसऱ्यापासून तिसऱ्याकडं?"

"पुन्हा दहा... आणि पुन्हा नऊ!"

"हा रेषेचा चढ. दहाला नऊ. घाट चढताना जसा पावलामागं चढ असतो तसा. सरळ रेषेचा चढ कुठूनही मोजा, तोच येतो. म्हणजे दुकानातल्या दर दहा शेरांचे कोठीत नऊच होतात, पोतं लहान असो की मोठं."

"मग शांताक्कांच्या दहाचे नऊ व्हायला हवे होते," मी म्हटलं. "झाले आठ."

फातिमाबींनी माझ्याकडं अशा कौतुकानं पाहिलं की मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं. "तेच तर! आता सुतळी मागं ताणा. पहिल्या चिंचोक्यापासून दहा मागं, नऊ खाली. कुठं पोचलो?"

मी बोटांनी मोजलं. दहातून दहा गेले, शून्य. आठातून नऊ... सुतळी आडव्या रेघेच्या खाली गेली होती. एक बोट खाली.

"म्हणजे दुकानातून शून्य शेर निघाले तर कोठीत वजा एक," त्या हळूच म्हणाल्या. "रेषेचं समीकरण तयार झालं. कोठीतले शेर म्हणजे दुकानातल्या शेरांचे नऊ दशांश, त्यातून एक वजा. आता मला सांगा, रिकाम्या पोत्यातून एक शेर गहू कोण चोरू शकतं?"

४

जुम्मेरातीला दुपारी कोठीपुढं मुंगीला जागा नव्हती. तालुक्याहून सरकारी धान्याचा कारकून मुनवर आला होता, त्यालाही मजा बघायची होती. महालिंगप्पा उरुसात दुकान मांडायला आलेच होते, पुढच्या रांगेत हात जोडून उभे. सायराबींनी किल्ली कमरेची सोडून हातात घेतली होती.

फातिमाबींनी बलभीमचं पोतं मध्ये आणवलं. "हे पोतं रात्रभर पारावर होतं. टाके बघून घ्या. आत दुकानाच्या मापानं चाळीस शेर आहेत. आप्पा, कबूल?"

"माज्या हातानं मापलेत. कबूल."

"मग मी आताच सांगते, खाला मापेल तेव्हा पस्तीस भरतील."

गर्दीत खसखस पिकली. पोतं उसवायच्या आधी कसं सांगणार? हिशेब मात्र मीही केला होता. चाळिसाचे नऊ दशांश छत्तीस, त्यातून एक गेला, पस्तीस. फातिमाबींनी मला बाजूला बसवलं आणि सांगितलं, "खाला मापं ओतेल तेव्हा दर मापाला एक खडा ओच्यात टाका. तोंडानं मोजू नका."

सायराबी बसल्या. गाव जवळ सरकून ऐकू लागलं. "बरकत! एक... दोन..." गव्हाची रास वाढत गेली, पोतं बसत गेलं. शेवटचा शेर शिगेसकट भरला आणि त्या म्हणाल्या, "पस्तीस."

"या अल्ला!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात महालिंगप्पांना कंठ फुटला. "बघा! पाच शेर गायब! आन् भाचीला आधीच ठाऊक! मावशी-भाचीचं संगनमत हाय हे!"

गर्दी हलली. दोघंतिघं पुढं सरले. आता पार वाटोळं झालं असं वाटून मी ओच्यातले खडे मोजले. पुन्हा मोजले.

"फातिमाबी," मी कशीबशी म्हणाले, "माझं काहीतरी चुकलंय. छत्तीस आहेत."

"तुमचं आयुष्यात पहिल्यांदा गणित बरोबर आलंय, कमलबाई," त्या म्हणाल्या. "उभ्या राहा आणि सगळ्यांना सांगा."

५

"छत्तीस!" मी ओरडून सांगितलं.

"खाला," फातिमाबींनी विचारलं, "पहिलं माप ओतताना काय म्हणालीस?"

"बरकत म्हणले. पयला शेर खुदाचा, बेटी. सासूनं शिकवलं तसं. खुदाचा शेर मोजायचा नस्तो. त्येच्यानंतर एक."

"आणि आप्पा, तुम्ही?"

आप्पांऐवजी बलभीमच बोलला. "दुकानात बरकत म्हंजेच एक की! पेठंत समदे तसंच मोजत्यात. बरकत, दोन, तीन."

मी कपाळावर हात मारला. दोन्ही ठिकाणी मी उभी होते. दोन्ही कानांनी ऐकलं होतं. आप्पांच्या बरकतीमागं दोन आला होता आणि सायराबींच्या बरकतीमागं एक, आणि मी मराठी शिकवणारी बाई शेंगदाणे खात बसले होते.

"दहा शेरांचं पोतं असो की चाळिसाचं, पहिला शेर खालाच्या मोजणीत कधी आलाच नाही," फातिमाबी म्हणाल्या. "पण कोठीत तो आहे. जाऊन बघा. दर पोत्यामागं एक शेर, भिंतीवर नसलेला. आणि हीच बाई गोरगरिबांना घालते तेव्हा दर वेळी एक शेर जास्त जातो, तेही बघा."

शांताक्का मोठ्यानं म्हणाल्या, "आगं बया! आमी खुदाच्याच शेराला चोर ठरवलं!" आणि सगळं अंगण हसलं. हसत नव्हते ते दोघंच, गफारभाई आणि महालिंगप्पा.

"एका शेराचा उलगडा झाला," गफारभाई सावकाश म्हणाले. "पर चाळिसाचे छत्तीसच हायत. चार शेर कुठं गेले?"

"तो रेषेचा चढ, चाचा. तो न मोजलेला एक शेर परत मिळवला की रेषा थेट शून्यातून जाते. रिकाम्या पोत्यातून काही जात नाही आणि भरल्या पोत्यातून दहाला एक जातो. पोतं वाढलं की तूट वाढते, अगदी त्याच प्रमाणात. असं फक्त एकाच कारणानं होतं. दोन मापं सारखी नाहीत. एक लहान आहे, नाहीतर एक मोठं."

महालिंगप्पांचा चेहरा क्षणभर पडला, पण व्यापारी तो व्यापारी. "मग कोठीचंच मोठं आसंल! जुनं माप, ठोकून ठोकून फुगलंय."

हे खरं असू शकत होतं. दोन मापांत भांडण लागलं तर खरं कोण, हे सुतळी सांगत नव्हती.

"सरकारी शिक्क्याचं माप हाय ना माज्याकडं!" मागून आवाज आला. मुनवर कारकून. आजवर त्याच्या मापाला बघून लोक घरात दडत, कारण तो सरकारी धान्य वसूल करायचा. आज त्याला वाट करून दिली. सरकारी मापानं गहू भरला आणि कोठीच्या मापात ओतला. काठोकाठ. दाणा सांडला नाही, दाणा कमी पडला नाही.

"आता आप्पांचं आणा."

आप्पा म्हणाले, ते वाशीला राहिलं. दगडोबानं शांतपणे त्यांच्या मांडलेल्या दुकानातून ते उचलून आणलं. फातिमाबींनी ते भरून कोठीच्या मापात ओतलं. वर बोटभर जागा रिकामी राहिली.

मला एकदम आठवलं. "फातिमाबी, ते बद्द वाजतं! कोठीचं खणखणतं आणि हे बद्द!"

बलभीमनं माप उलटं करून ठोकलं. मग विळ्याचं टोक आत घालून तळ उचकटला. पत्र्याची एक चकती निघाली आणि तिच्याखाली लाखेचा जाडजूड थर.

"वडलांपासनं हेच माप..." आप्पा पुटपुटले.

"मग वडलांपासनं दहाला एक," फातिमाबी म्हणाल्या.

वाशीच्या दुकानातून गहू नेलेलं प्रत्येक घर आपापल्या मनात हिशेब करू लागलं. लोकांचे चेहरे बदलले. कुणी म्हणालं, पेठेतून उठवा. कुणी म्हणालं, गाढवावर बसवा. गफारभाईंनी हात वर केला. "ज्येच्यावर आळ आला त्येलाच विचारा. सायराबी, तुमी सांगाल ते."

सायराबी उठल्या. अंगानं एवढीशी बाई, पण त्या दिवशी मला उंच दिसली.

"आप्पाचं मागनं बघू. आदी तुमी, गफारभाई. ज्या आवाजात मला चोर म्हणला, त्याच आवाजात न्हाय म्हणा."

गफारभाईंनी मान खाली घातली. मग टेकडीच्या पायरीवर चढले, छाती भरून घेतली आणि असे ओरडले की शिवारातली औतं थांबली. "सायराबी चोर न्हाय! चूक माजी हाय!"

फातिमाबी छत्री टेकून उभ्या होत्या आणि चष्म्याआडून ढसाढसा रडत होत्या. मी तर केव्हापासून रडत होते.

६

आप्पांचा निकाल सायराबींनी दोन वाक्यांत लावला. "बाजारातनं उठवलं तर गावाला गहू कोण देईल? माप नवं करा, कमी दिलेलं घरोघर नेऊन घाला, आन् उरुसाला पंगत तुमी वाढा."

उरूस असा रंगला की विचारू नका. मलीद्याला गहू उरला, तूप उरलं. वाशीपासून भूमपर्यंतचे लोक जेवले. महालिंगप्पा धोतराचा काचा मारून, घामाघूम होऊन वाढत होते.

कोठीवाली नेहमी शेवटी जेवायची, उरलंसुरलं. त्या दिवशी गफारभाईंनी सायराबींना पहिल्या पंगतीत मधोमध बसवलं. एका बाजूला शांताक्का, दुसऱ्या बाजूला मी. किल्ली कमरेला लटकत होती. आप्पा परात घेऊन समोर आले आणि ताटात मलीदा घालू लागले. पंगतीत जेवणाऱ्यानं ताटावर हात आडवा धरला की वाढप्यानं थांबायचं, ही रीत.

सायराबींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

आप्पांनी एक डाव घातला. दुसरा घातला. ताट भरलं. तिसऱ्याला शीग आली. त्यांनी वर पाहिलं. सायराबी शांतपणे त्यांच्याकडं बघत होत्या. चौथा घातला. पंगतीतले हात थांबले. पाचव्याला मलीदा ताटाच्या काठावरून जमिनीकडं निघाला. आप्पांच्या मिशांवरून घाम टपकत होता.

"सायराबी," ते काकुळतीला आले, "आता तरी बस म्हणा."

"घाला की आप्पा," त्या म्हणाल्या, "वाशीचा शेर भरायचाय अजून."

पंगत अशी हसली की शांताक्कांना ठसका लागला, आणि सगळ्यांत मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून सायराबी हसत होत्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं फातिमाबी मला नंतर म्हणाल्या.